रांजणातली खोली

चिरंजीव कडुबास, थोरल्या बहिणीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

खुलताबादच्या गारव्यात तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझे दुखतात, पण सध्या मी जिंकल्यामुळं तिकडं लक्ष नाय. (नातसून करुणा लिहितेय. तिला हसू येतंय, अक्षर हललं असंल तर समजून घे.)

तर माझा नातू सम्यक, हिचा नवरा. त्याला गाण्यांचा नाद नाय, गाणी वाजवायची खोकी बदलायचा नाद हाय. नवा स्पीकर आणला की दुसऱ्याच महिन्यात ‘आवाजाला खोली नाय’. मग मोठा स्पीकर, मग त्याला शोभंल असा ॲम्प्लिफायर, मग त्याला शोभंल अशी मनगटाएवढी वायर. हॉलमध्ये बसायला जागा उरली नाय, तशी नजर माझ्या रेडिओवर गेली. म्हणाला, "आजी, हा नुसता खरखरतो. रविवारी भंगारात देतो." चाळीस वर्षं रोज सकाळी माझ्याशी न भांडता बोलणारा तेवढाच एक! मी तो स्वयंपाकघरातल्या रिकाम्या रांजणात लपवला.

रविवारी नवा ॲम्प्लिफायर ऐकायला मित्र जमले. यांची रीत ऐक: आवाज नको म्हणून पंखा बंद, पडदे ओढलेले, दिवा नाय, डोळे मिटलेले. (मयताला आल्यासारखे.) त्यामुळं सम्यकनं गाण्याचं बटण दाबलं त्याच घडीला लाइट गेली, ते त्यांना कळलंच नाय. मला कळलं, स्वयंपाकघरातला दिवा गेला ना! रिकामी बसून काय करू, रांजणात हात घालून रेडिओचा कान पिळला. तो सेलवर चालतो. तबला असा घुमला की हॉलमधून "वा! वा!" एकजण म्हणाला, "सम्यक, याला म्हणतात खोली! आता काही बदलू नको." सम्यकनं तिथंच शब्द दिला, वर्षभर नवं खोकं घरात येणार नाय. तेवढ्यात रेडिओवरली बाई कपाशीवर फवारणी कधी करावी ते सांगू लागली.

डोळे उघडले, तेव्हा मी दारात उभी. आता रेडिओ रांजणासकट हॉलमध्ये हाय. आहे त्यात सुख मानावं, एवढंच मी सम्यकला सांगते. दिवसातून दोनदा.

तुझी अक्का, भामाबाई (अंगठा)

ता.क. येताना तिकडच्या कुंभाराकडून मोठा रांजण आण. यात तबला बरा वाजतो, पण ढोलकीला खोली नाय.

आणखी ता.क. दोन आण. सम्यक म्हणतो, तोंड अरुंद बघा. रांजण म्हणजे काय खोकं नव्हं, शब्द मोडत नाय.

(ही ओळ आजींनी सांगितलेली नाही. आजोबा, कुंभार गाव सोडून गेला असं कळवा. – करुणा)