वारावर जेवणारा गोलकीपर

२३ एप्रिल २००६, रविवार
सुधीरने आज चहा पिता पिता बाँब टाकला. "वैशाली, आपल्याकडे कॅनडाचा एक गोलकीपर राहायला येतोय." जणू पाहुणे येणारेत, दूध जास्त घे, एवढ्या सहज.
आइस हॉकीची नवी टीम निघालीय. नाव वेकाज, इथल्या एका न उडणाऱ्या पक्ष्यावरून. सु.च्या माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातला ग्रॅहम प्रेसिडेंट आणि आमचे हे सेक्रेटरी. ज्या माणसाने पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला, तो! टीम म्हणे प्रोफेशनल. म्हणजे बाहेरून आणलेल्या दोघातिघांना विमानाचं तिकीट आणि कुणाच्या तरी घरात फुकट खोली. बाकीचे दिवसभर नोकऱ्या करून पदरच्या स्टिक्स घेऊन खेळणार. आणि कुणाच्या तरी घरात म्हणजे आमच्या. मला न विचारता!
आधी साफ नाही म्हटलं. मग आजोबा आठवले. पुण्यात वार लावून शिकले ते. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. म्हटलं, खोली देते, पण फार्मसीतून थकून येऊन रोज त्याचा स्वयंपाक करणार नाही. आपल्या लोकांत वार लावू.
सु. बघतच राहिला. म्हणे, "कॅनडियन माणसाचे वार?" का, त्याला भूक लागत नाही?

१४ मे २००६, रविवार
डेरेकला, त्या गोलकीपरला, येऊन आठवडा झाला. दारातून वाकून आत यावं लागतं त्याला. स्वभावाने गरीब वाटला. त्याच्या सामानाचा वास मात्र अख्ख्या गल्लीला. बॅग गॅरेजमध्ये, हा पहिला नियम.
वार ठरले. सोमवार ते गुरुवार पापाकुरातली आपल्या लोकांची चार घरं, उरलेले आमच्याकडे. गुरुवारी जोश्यांकडे साबुदाण्याची खिचडी मिळाली, दोनदा मागून घेतली म्हणे. तो जोश्यांचा उपास होता, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. घरी येऊन माझ्याकडे पोळीभाजीही जेवला.
सगळी पोरं मला काकू म्हणतात म्हणून तोही काकू म्हणायला लागलाय. आमची सई सोडून. ती "मम".

१६ जून २००७, शनिवार
जिंकले! गेला अख्खा सीझन हरले, यंदाही हरत होते, आज पहिल्यांदा जिंकले. डेरेकने जाळ्यात काही म्हणजे काही जाऊ दिलं नाही. मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. सई दुसऱ्या रांगेत जाऊन बसली, ही बाई आपली कोणी नाही असं दाखवत.
पण ग्रॅहमचं भाषण! यंदा छपरं घालणारी एक कंपनी स्पॉन्सर झाली, टीमच्या नावाआधी तिचं नाव लागलं (रिंकचं छप्पर अजून गळतंय, ते सोडा). त्या छपरवाल्याचे आभार. बर्फ साफ करायचं मशीन चालवणाऱ्याचे आभार. टीम दक्षिणेला मॅचला जाते तेव्हा वाटेत रोटोटुनाला राहणारी आपली नीलिमा अख्ख्या व्हॅनला पोहे खाऊ घालते. तिचं नाव नाही. आमच्या घरांचं नाव नाही. सु. म्हणतो, वेळ कमी होता. छपरावर बोलायला होता ना वेळ!
"मम, चिल." हे सईचं.

२४ ऑगस्ट २००८, रविवार
तिसरा सीझन आणि वेकाज फायनलमध्ये. खरंच! पेपरात कोपऱ्यात बातमी आली, ती सु.ने ऑफिसात लावली.
डेरेकचा गुडघा मात्र सुजलाय. संध्याकाळी त्यावर फ्रीजरमधली मटारची पिशवी ठेवून स्वयंपाकघरात बसला होता. म्हटलं डॉक्टरकडे चल. उद्या जातो म्हणाला, पण क्लबला आत्ता नको सांगू. "फायनलला तीन आठवडे आहेत, काकू. आय्ल बी स्वीट, होईन बरा. घरातलं घरात, ओके?" "घरातलं घरात" मराठीत म्हणाला. माझंच वाक्य.
मी हो म्हटलं. सु. समोरच बसला होता. त्यानेही मान हलवली. मी पाहिलंय.

२८ ऑगस्ट, गुरुवार
रागात लिहितेय, अक्षर घाण येणार.
दुपारी दुकानात ग्रॅहमचा फोन. डेरेकला सोडलं. सोडलं म्हणजे काढलं. ऑस्ट्रेलियात या हिवाळ्यात एक फिनलंडचा मुलगा खेळत होता, त्याला आणतायत. नथिंग पर्सनल. आणि पुढे, मोठ्या गोड आवाजात, "रविवारपर्यंत खोली रिकामी करून द्याल ना? नवा गोलकीपर तुमच्याकडेच उतरेल."
मी म्हटलं, खोली माझी आहे, जाळ्यासोबत येत नाही.
"वेल, इट्स द क्लब्ज बिलेट." बिलेट म्हणजे अशी यजमानाची खोली. क्लबची! माझ्या घरातली, मी पडदे शिवलेली खोली, क्लबची!
मग म्हणाला, त्या गुडघ्यावर रिस्क नाही घेऊ शकत आम्ही.
त्याला गुडघा कसा कळला? डॉक्टर म्हणाला होता, दोन आठवडे विश्रांती, फायनलपर्यंत बरा होईल. हे फक्त आमच्या टेबलावर बोललं गेलं.
घरी आले. सु. सोफ्यावर शेंगदाणे खात होता. विचारलं. खातच राहिला. तेव्हाच कळलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
सु.: "मी सेक्रेटरी आहे. टीमचं हित बघायला नको?"
मी: "ऑफिसात हो, रिंकवर हो. या टेबलावर तू माझा नवरा आहेस आणि तो या घरचा मुलगा आहे."
सु.: "डेरेकला काढायचं की नाही यावर कमिटीत मत घेतलं, तेव्हा मी त्याच्या विरोधात हात नाही वर केला."
अहाहा, काय उपकार! बाजूनेही नाही केलास ना?
मग म्हणतो, तू इमोशनल होतेस. हो, होते. घरच्या माणसाचं दुखणं बाहेर जाऊन विकल्यावर माणसं इमोशनलच होतात. दुकानात कोणाचं साधं खोकल्याचं औषधही मी याला कधी सांगितलं नाही.
सगळ्यात जास्त संताप डेरेकचा येतो. चिडतच नाही! "इट्स जस्ट हॉकी, काकू. कॅनडात मीसुद्धा पहिल्यांदा असाच कोणाच्या तरी जागी आलो होतो." आणि अंगणात सईला स्केट्सना धार कशी लावतात ते दाखवत बसला. मला भांडायला सोबत कोणी नाही या घरात.
रविवारचं तिकीट दिलं होतं त्याला. मी क्लबच्या ऑफिसात फोन करून फायनलनंतरचं करून घेतलं. म्हटलं, माझ्या घरातून पाहुणा माझ्या वेळेने जाईल.

३ सप्टेंबर, बुधवार
गणपती बसले. आरतीला वारवाली चारही घरं आली. डेरेकने टाळ वाजवले, दरवर्षीसारखे, थोडे मागे.
तो मिठाई आणायला डेअरीवर गेला तशी मी विषय काढला. म्हटलं, आपण सगळ्यांनी मिळून ग्रॅहमला सांगू या. नव्याला कोणी जेवायला घालणार नाही म्हणून सांगू.
जोशी म्हणाले, "वहिनी, जो खेळणार त्याला नको का जेवायला? आमच्याकडे गुरुवारचं कळवलंय मी ग्रॅहमला." कळवलंय! मला न सांगता! यांच्या मुलाचं गणित डेरेकने घेतलं हो दोन वर्षं. जोशीवहिनी हळूच म्हणाल्या, नवा म्हणे नॅशनल टीमच्या ट्रायलपर्यंत गेलेला. म्हणजे फोटोला बरा.
बाकीचे मोदकाची स्तुती करायला लागले. मीना कुलकर्णी एकटी बोलली, "माझा मंगळवार डेरेकचाच. तो असेपर्यंत." आणि ही आपली माणसं. मला वाटलं होतं, वार लावणं म्हणजे काय ते आपल्याला तरी माहीत असेल.

९ सप्टेंबर, मंगळवार
नवा मुलगा, मिको, ग्रॅहमच्या गॅरेजमध्ये गादी टाकून राहतोय. त्याला ठेवायला क्लबला दुसरं घरच मिळालं नाही. बरं झालं, असं मनात आलं. लिहूनच टाकते.
आज डेरेक त्याला घरी घेऊन आला! मला न विचारता. या घरात मला कोणी काही विचारायचं नाही असा नियमच झालाय बहुतेक. दारात त्याने बूट काढायला सांगितले, त्या पोराने मोजेही काढले. विशीतलं पोर. कान लाल. मी चहा दिला, बिस्किटं नाही दिली.
दोघं टेबलावर मिरपूड-मिठाच्या बाटल्या मांडून बोलत होते. छप्पर गळतं तिथे कोपऱ्यात बर्फ कसा खडबडीत होतो, तिथून पक, ती खेळायची रबरी चकती, कशी वेडीवाकडी उडते, सगळं सगळं सांगत होता डेरेक. तीन वर्षांत कमावलेलं. फुकट.
पोर मध्येच मला म्हणालं, मी याआधी फायनल खेळलो नाही, भीती वाटते. मला का सांगतोयस बाबा? मी तुझी कोण?
जाताना बिस्किटांचा पुडा हातात कोंबला. राग तरीही गेलेला नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार
रिंकच्या बाहेर गाडीत बसून लिहितेय. पाऊस.
जाणार नव्हतेच. पंधरा दिवस म्हणतेय, हरू देत मेले, धुव्वा उडू देत. सु. सकाळीच गेला, बॅनर घेऊन. सईही गेली. डेरेक तयार होऊन उभा राहिला, "काकू, सोडता मला? मिकोचा वॉर्म-अप घ्यायचाय." ग्रॅहमने सांगितलेलं नाही, हाच आपणहोऊन. बरा झालेला गुडघा घेऊन दुसऱ्याला तयार करायला! परवा विमान.
गाडीत खूप बोलले मी त्याला. तुला मान नाही का, म्हटलं. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "आहे ना. म्हणून तर त्याला नीट तयार करायचंय." मग उतरला. आत या म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने ताणलं नाही.
तिसरा, शेवटचा भाग सुरू झाला असावा. मघाशी सईचा मेसेज, २-२, व्हेअर आर यू.
आत्ता आतून केवढा तरी ओरडा आला. गोल. कोणाचा ते इथून कळत नाही. तीन वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं, देवा, त्याच्या जाळ्यात नसू दे. आणि मग आठवलं, जाळ्यात तो नाहीच.
आणि तरी परत तेच म्हटलं. कोणासाठी, कोण जाणे. त्या मोजे काढणाऱ्या पोरासाठी असेल तर माझ्यासारखी मूर्ख मीच.
सु.चा फोन वाजतोय. उचलत नाही.
गाडीचं दार उघडलंय मी. पाऊस आत येतोय, सीट भिजतेय, आणि मी अजून बसलेलीच आहे.