चार नंबर कोणाकडे

दादर,
रविवार दुपार

प्रिय कॅथी,

आपल्या कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्या आठवतात ना? बास्केटबॉलची प्रॅक्टिस संपली की आपण तिथे बूट काढून बसायचो. तू डब्यातलं उरलेलं केळं मोडून अर्धं मला द्यायचीस आणि फाटकाबाहेर तुझा भाऊ सायकल टेकवून उभा असायचा. सिस्टर फिलोमिना मुलग्यांना आत येऊ देत नसत, म्हणून कॉनरॅड गजांच्या पलीकडूनच आपल्याला फ्री थ्रो शिकवायचा. "मृणाल, कोपर आत. कॅथी, तू हसू नकोस, तुझं कोपर तर माटुंग्याला पोचलंय." त्या पायऱ्यांवर आपण किती मोठमोठ्या गोष्टी बोललो असू, त्यातलं काही आठवत नाही. केळं आठवतं, आणि ते कोपर.

पत्र मराठीत लिहितेय, कारण मागच्या वेळी तू म्हणालीस, टोरांटोत दिवसच्या दिवस मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही. गंमत बघ, शाळेत मराठी बोललं की आपल्याला फळ्याजवळ उभं करायचे. सकाळपासून हे पत्र लिहितेय आणि पुन्हा पुन्हा उठतेय. दूध बघून आले, गॅस बंदच होता. बाल्कनीतले कपडे आत आणले, ते ओले निघाले, परत वाळत घातले. समोरच्या खुर्चीवर एक जर्सी घडी करून ठेवली आहे. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बसले, तर सारखं तिकडेच लक्ष जातंय. तिच्याबद्दल सांगतेच, पण ओळीने सांगू दे.

तू विचारलं होतंस, माहीमच्या घरातलं कोणाला काय द्यायचं. मार्चमध्ये घर रिकामं करायचं, इमारत पाडणार, कॉनरॅड तुझ्याकडे येणार. तू त्याच्यासाठी खोली लावलीस, त्याचे पाय बाहेर येणार नाहीत असा लांब पलंग घेतलास. फोनवर मी "बघते" म्हटलं. त्याला आता किती आठवडे झाले. तू परत विचारलं नाहीस, यावरून तुलाही काहीतरी जाणवलं असेल असं मला उगाचच वाटतं.

हे सगळं सुरू झालं जूनमध्ये. कॉनरॅडचा फोन आला, मी शिकवतो त्या कॉलेजच्या मुलांच्या सामन्यांना घड्याळ सांभाळायला कोणी नाही, येशील का. मी म्हटलं, माझा गुडघा. तो म्हणाला, "घड्याळाला गुडघा लागत नाही." रमाकांत गेल्यापासून माझ्या संध्याकाळी तशा मोकळ्याच होत्या. सौमित्र बंगळूरहून रोज फोन करतो, पण त्याचा फोन म्हणजे गोळ्या घेतल्यास का आणि दार लावलंस का. गेले मी. जाताना लिंबं नेली, बुटांच्या जादा नाड्या नेल्या, आणि दोन आठवड्यांत अख्ख्या टीमची काकू झाले.

टीम कसली, कॅथी, गोतावळाच. कॅप्टन ध्रुव गिरगावचा, शेवटच्या वर्षाला, भयंकर जबाबदार. स्वतःच्या लग्नातसुद्धा वाढप्यांवर लक्ष ठेवील असा. आणि लालबागचा जयवंत. लहानपणी दहीहंडीला सगळ्यात वरच्या थरावर असायचा, मग उंची वाढली आणि त्याची रवानगी खालच्या थरात झाली, त्या रागाने बास्केटबॉलकडे आला. उडी मारली की खाली यायला विसरतो, पण डोकं कुठे असेल याचा भरवसा नाही. पावसाळाभर कोर्टावर पाणी साचायचं. मुलं गोणपाटांनी पुसायची, कॉनरॅड पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्यात. या वयात घसरला तर काय, म्हणून मी ओरडायचे. मुलं आपापसांत म्हणायची, आपल्याला आता दोन कोच झालेत.

तो बदली खेळाडूला आत कसा पाठवतो हे तू कधी पाहिलं नसशील. नुसतं "जा" म्हणत नाही. मुलाचे दोन्ही खांदे धरतो, त्याला ज्या रिंगमध्ये बॉल टाकायचा तिकडे तोंड करून वळवतो आणि म्हणतो, "हे आपलं." मग सोडतो. मी विचारलं, एवढी मोठी मुलं, त्यांना कळत नाही का? तर म्हणाला, बाकावरून उठलेल्या माणसाला सगळी दुनिया उलटी दिसते. मी हे कितीदा पाहिलं असेल या मोसमात. घरी येऊन स्वयंपाक करताना मनात उगाच म्हणायचे, हे आपलं. आपल्याशीच हसायचे.

कोणी अपेक्षा केली नव्हती, पण आम्ही जिंकत गेलो. आणि नेमकं दिवाळीत तुझं तिकीट आलं. त्याने मला सांगितलं ते शिवडीला सामना संपवून येताना. "कॅथीने तिकीट पाठवलंय, मार्चचं." आणि लगेच, "तिथे कोर्टं आत असतात म्हणे, बर्फामुळे." मी म्हटलं, "छान." मग पुढचं स्टेशन येईपर्यंत आम्ही दोघं जयवंतच्या डाव्या हाताबद्दल बोललो. मुलांना त्याने काहीच सांगितलं नाही. मीही नाही. पण त्या दिवसानंतर त्याचं लक्ष उडालं, आणि माझंही. एका सामन्यात विश्रांती संपल्याचा भोंगा वाजवायलाच विसरले. पंच येऊन म्हणाला, "मॅडम, आज इथेच राहायचंय का?"

फायनल गेल्या महिन्यात झाली. घड्याळाला तिथे दुसरी माणसं होती, मी आपल्या बाकामागे बसले होते. मध्यंतरानंतर टोकं बदलतात, तुला सांगायला नको. आमचा एक मुलगा लंगडत होता, म्हणून कॉनरॅडने जयवंतला उठवलं. त्याचे खांदे धरले, वळवलं, म्हणाला, "हे आपलं." आणि कॅथी, ते आपलं नव्हतं. मध्यंतराच्या आधीचं होतं. माझ्या लक्षात आलं तोवर ध्रुवने रेषेबाहेरून बॉल आत टाकला होता आणि जयवंत सुटला होता. समोर कोणीच आडवं येईना, याचंही त्याला नवल वाटलं नाही. इतकी सुंदर बास्केट त्याने मोसमभरात केली नव्हती, आणि ती केली आम्ही राखायच्या रिंगमध्ये. नियमाप्रमाणे ते पॉइंट त्यांच्या कॅप्टनच्या नावावर लागले. सगळं मैदान हसलं. आम्ही एका पॉइंटने हरलो.

मी पाहिलं होतं, आणि जयवंतने तर खांद्यांवर ते हात अनुभवले होते. पण सामना संपल्यावर तो सरळ कॉनरॅडपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझं डोकंच फिरलं, सॉरी." कॉनरॅड म्हणाला, "नाही रे. मी फिरवलं." मुलगा ऐकेना. "नाही सर, तुम्ही बरोबर सांगितलं, मीच गाढव." शेवटी ध्रुव मध्ये पडला, "अरे, त्यांच्या कॅप्टनने तुला वडापाव दिला पाहिजे, त्याच्या नावावर खातं उघडलंस," आणि रडायच्या बेतात असलेली सगळी हसली. कॉनरॅड मात्र माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने कधी कोणाला चुकीच्या बाजूला वळवलं नव्हतं.

आता ती जर्सी. आपल्या वेळी नंबर चारपासून सुरू व्हायचे आणि चार नंबर कॅप्टनचा, तुझ्या अंगावर होता तो. आता नियम बदललेत, कोणीही काहीही घालतं, पण कॉनरॅडच्या टीममध्ये चार नंबर अजून कॅप्टनचाच. मोसम संपला की कॅप्टनने ती जर्सी स्वतःच्या हाताने धुवायची, आईने नाही, आणि घडी करून सरांना द्यायची. उन्हाळाभर ती त्यांच्या कपाटात. जूनमध्ये पहिल्या दिवशी ते ती एकाच्या खांद्यावर टाकतात, तोपर्यंत पुढचा कॅप्टन कोण ते कोणालाच माहीत नसतं. परवा ध्रुव जर्सी घेऊन आला, माहीमला नाही, माझ्याकडे. चपला काढून दारातच उभा राहिला. म्हणाला, "काकू, सर जूनला नाहीयेत असं ऐकलं. मग चार नंबर कोणाकडे ठेवू?" मी त्याला आत बोलावलं, पोहे दिले, घरच्यांची चौकशी केली. जाताना तो म्हणाला, "तुमच्याकडे राहू दे. सर असले तर त्यांना द्या." ती खुर्चीवर आहे.

कॅथी, मला माहीत आहे तुझा बेसिल गेल्यापासून तू त्या घरात कशी राहतेस. तू सांगत नाहीस, पण फोन ठेवताना अजून एक गोष्ट, अजून एक गोष्ट करत राहतेस ना, त्यावरून कळतं. भाऊ आला की जेवणाच्या टेबलाशी कोणीतरी असेल, मम्मीच्या बाटलीमसाल्याच्या गोष्टी निघतील, आपल्या भाषेत भांडता येईल. तो लांब पलंग तू त्याच्यासाठी घेतलास तसा स्वतःसाठीही घेतलास. हे सगळं मनात धरूनच मी इतके आठवडे गप्प होते. रोज ठरवायचे, आपल्याला काही बोलायचा हक्क नाही. आणि रोज संध्याकाळी साडी नेसून कोर्टावर जायचे, मोसम संपल्यावरसुद्धा. तोही यायचा. मुलं नाहीत, बॉल नाही, आम्ही दोघं बाकावर.

काल माहीमला गेले, तू सांगितलेलं आवरायला. तो ट्रॉफ्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता, मी तुझ्या मम्मीच्या बश्या. मी विचारलं, "तुला जायचंय का?" म्हणाला, "कॅथीने तिकीट काढलंय." मी म्हटलं, "ते मला ठाऊक आहे. तुला जायचंय का?" तो सुटकेसपुढे नुसता उभा राहिला, बाकावरून उठलेल्या माणसासारखा. मग मी उठले, कॅथी. त्याचे दोन्ही खांदे धरले, केवढा उंच आहे तो अजून, आणि त्याला सुटकेसकडून माझ्याकडे वळवलं. म्हटलं, "हे आपलं." त्याने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाला, "मृणाल, कोपर आत." आम्ही लग्न करायचं म्हणतोय, नोंदणी करून, हार वगैरे काही नाही. सौमित्रला सकाळीच सांगितलं. तो म्हणाला, "आई, ते रात्री दार लावतात ना नीट?" कॉनरॅड तुला फोन करणार होता. मीच त्याला थांबवलं. हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि फोनवर तू "छान" म्हटलं असतंस, जसं मी म्हटलं होतं. तुला राग आला तर रागाव, खोटं छान म्हणू नकोस. तर आता तू विचारलेलं. मम्मीचं शिवणयंत्र आणि मदर मेरीची मूर्ती तुमच्या मावशीच्या अँड्रियाला, एवढी मोठी मूर्ती तिच्याच घराच्या दारातून आत जाईल. बश्या आणि पप्पांचं भिंतीवरचं घड्याळ तुला. ते आम्ही स्वतः घेऊन येऊ, मुलांचा पुढचा मोसम संपला की लगेच, आणि तू जा म्हणेपर्यंत राहू, म्हणून तो लांब पलंग कोणाला देऊ नकोस. ट्रॉफ्या कॉलेजला. जुनी शिट्टी ध्रुवला, तो लहान मुलांना शिकवणार आहे. तिकीट परत कर. चार नंबर जूनपर्यंत कॉनरॅडकडे. आणि कॉनरॅड माझ्याकडे.

तुझीच, अजूनही अर्ध्या केळ्याची,
मृणाल