‘थोरली’ मास्तरांच्या लेकीला

मी, खाली सही करणारा, हवाई दलातून निवृत्त झालेला वैमानिक, वय वर्षे एक्क्याऐंशी. शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट बायकोने “आत्ताच कसली घाई?” म्हणून दोनदा कागद उचलून ठेवले. तरी स्वखुशीने लिहून ठेवतो, की माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. राहते घर व बँकेतील ठेवी बायकोच्या. तिच्या हयातीत मुलाने वाटणीचा विषय काढू नये. तिच्यानंतर सगळे त्याचेच आहे, नाही कोण म्हणतो?

२. पाने, कानशी, हातोड्या व लेथ मुलाला. हत्यार वापरून जागेवर ठेवायची सवय मात्र मृत्युपत्राने देता येत नाही.

३. घरामागच्या शेडमधले लढाऊ विमान, जे मी भंगाराच्या लिलावात घेऊन वर्षानुवर्षे खपून उभे केले, ते मास्तरांच्या लेकीला. मास्तर म्हणजे आमच्या तुकडीतले सर्वांत कसलेले वैमानिक. आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. युद्धात त्यांनी शत्रूची सात विमाने पाडली, सातही याच विमानातून. ताफ्यात सर्वांत जुने, ठिगळे लावलेले, म्हणून ते त्याला ‘थोरली’ म्हणत. नवे विमान देऊ केले, तर म्हणाले, “थोरली कुरकुरते, पण ऐनवेळी रुसत नाही.”

४. बाप आठवे विमान सोडून पळाला, असे त्यांच्या लेकीला लहानपणापासून ऐकावे लागले. म्हणून घडले ते नोंदवतो. आठवे विमान त्यांच्या माऱ्याच्या टप्प्यात होते. तेवढ्यात मागून आलेल्या गोळ्यांनी माझ्या विमानाची काच फुटली, कण डोळ्यांत गेले, दिसेनासे झाले. मी रेडिओवर ओरडलो. मास्तरांनी पाठलाग सोडला आणि माझ्या उजव्या पंखाला खेटून उडू लागले. “मी सांगतो तेवढंच कर. घाबरायचं ते खाली उतरल्यावर घाबर.” मग वर्गात शिकवावे तसे बोलत राहिले. “नाक जरा वर. अजून. आता डावीकडे, चिमूटभर. शाब्बास!” माझी चाके जमिनीला लागली, तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. माझा उजवा डोळा गेला. डाव्याने हे लिहितो आहे.

५. तुकडीच्या साहेबांनी अहवालात ‘माघार’ असे लिहिले. मी साक्षीला उभा राहिलो, तर म्हणाले, “तुम्हाला दिसत नव्हतं. मग तुम्ही काय पाहिलंत?”

“काहीच नाही, साहेब. म्हणूनच तर ते आले.”

साक्ष धरली नाही. पदक गेले. मास्तर हसले, “बरं झालं, विमानात सीटच्या पट्ट्याखाली टोचलं असतं.” मला हसू आले नाही. साहेबांवरचा राग कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेतो.

६. मास्तरांच्या लेकीस: बाळे, विमान ठेव, वीक, संग्रहालयाला दे; हक्क पूर्ण तुझा. फक्त त्याआधी एकदा आत बस आणि डावीकडे बघ. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसेल. तुझ्या बाबांच्या डावीकडे मी तेवढ्याच अंतरावर होतो, आंधळा. कोणत्याही क्षणी त्यांच्यावर आदळलो असतो. ते तसूभरही बाजूला सरकले नाहीत.

हे वाचून, समजून सही केली.

ठिकाण: राहते घर. दिनांक: आजचा, रविवार.

साक्षीदार: १. शेजारच्या डॉक्टरीणबाई. २. तुकडीतला जुना मेकॅनिक.

(नावे व सह्या मूळ प्रतीवर.)