सासूबाईंचं कडवं

१२ नोव्हेंबर
जळगावच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली. स्वरतंतूंवर गाठी. महिनाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही.
"आणि गाणं?"
"हा तुमचा शेवटचा प्रश्न," म्हणाले.
शाळेतली नोकरी सोडून तीन वर्षं झाली. स्वतःच लिहायचं, चाल लावायची, गायचं. ७ डिसेंबरला धुळ्यात कार्यक्रम — पहिल्यांदाच फक्त माझा. आणि मी मुकी.

१३ नोव्हेंबर
पाचोऱ्यात बातमी फिरली. शेजारच्या कुंदाबाई सासूबाईंना म्हणाल्या, "बेबाअक्का, नशीब शे तुन्हं. न बोलनारी सून भेटनी."

१५ नोव्हेंबर
पाटी आणली. नवऱ्याशी भांडताना जागा पुरत नाही. नीलेश वाचेपर्यंत माझा राग ओसरतो. लग्नातच घ्यायला हवी होती.

२१ नोव्हेंबर
नीलेश धुळ्याला फोन करून कार्यक्रम रद्द करणार होता. मी फोन काढून घेतला. मग मोरीत जाऊन रडले. आवाज न करता रडणं फार अवघड.

२४ नोव्हेंबर
सकाळी स्वयंपाकघरातून माझंच गाणं ऐकू आलं — 'मनी सासू कुकरन्या शिट्ट्या मोजस.' ह्याच गाण्यावरून सासूबाई दोन महिने माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या! आवाज जाडाभरडा, पण सुराला पक्का. मी दारात. त्या थांबल्या नाहीत. पुढचं कडवं त्यांचं स्वतःचं — 'सून मनी गानामा भात जाळस.'
पाटीवर लिहिलं : धुळ्यात गाणार का?
"माले लाज वाटस," म्हणाल्या. भाजी परतली. मग, "लुगडं कोनतं नेसू?"

७ डिसेंबर
धुळे. नीलेश ढोलकीवर, मी पेटीवर, तोंड बंद. सासूबाई माइकपाशी गेल्या आणि गप्प. पेटीवर दोनदा सुरुवात वाजवली, तरी गप्प. हाक मारावी तर आवाज नाही. शेवटी पाटी वर धरली : भात जळतोय.
त्या हसल्या आणि सुटल्याच. त्यांचं कडवं लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. पुढच्या रांगेतले एक आबा म्हणाले, "अक्का, बठ्ठं खरं शे." सगळंच खरं, म्हणे.
मीही टाळ्या वाजवल्या. जरा दुखलं — घशात नाही, त्याच्या थोडं खाली.

१० डिसेंबर
भडगावहून फोन. "त्या सासूबाई येतील का?" माझं कुणी विचारलं नाही. नीलेश हसला. पाटीवर जे लिहिलं ते इथे लिहीत नाही.

१३ डिसेंबर
डॉक्टरांनी 'आ' म्हणायला लावलं. आला. स्वच्छ आला. हळूहळू गायला लागा, म्हणाले.
घरी सासूबाई दारातच उभ्या. "काय म्हने डाक्टर?"
मी नुसती नकारार्थी मान हलवली. भडगावसाठी त्यांच्या पट्टीतलं गाणं अर्धंच लिहून झालंय.