थंड इंजिनाचा लाल काटा

तीर्थरूप मामांना,

सगळं बदललं ते परवा दुपारी सव्वातीनला, सरांच्या गाडीत मी बसलो आणि थंड इंजिनाचा ताप दाखवणारा काटा लाल पट्टीत गेला तेव्हा. (नमस्कार करायचा राहिला, तो घ्यावा. तुमचा गुडघा आणि मामींचा पारा, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे.)

सर म्हणजे ज्यांच्यापायी मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं ते. भर वर्गात अपमान केला, मी पडलो मानी, निघून आलो. तुम्हाला हे तोंडपाठ आहे. सर गेल्या वर्षी आजारपणात गेले. गाडी त्यांच्या धाकट्या मुलीकडे आली आणि मी त्या मुलीच्या प्रेमात पडलो (नकार नाही, होकारही नाही, मधल्यामध्ये माझं वजन उतरलंय). ती एकटी असली की काटा शहाण्यासारखा निम्म्यावर. मी शेजारी बसलो की लाल. परवा तर इंजिन सुरूही केलं नव्हतं, नुसती किल्ली फिरवली होती. बोनेटवर हात ठेवला, तर फरशीसारखं गार. ती शांतपणे म्हणाली, "बाबांना तू अजून खपत नाहीस. काटा खाली आण, मग आईपाशी विषय काढते."

आमच्या गॅरेजातले मिस्त्री (त्यांना सगळे बारा-तेरा म्हणतात, कारण जगातली कुठलीही अडचण बारा-तेरा नंबरच्या पान्यानं सुटते अशी त्यांची श्रद्धा) म्हणाले, "भूतबित काही नाही रे, सेन्सर गेलाय. तो पाण्याचा ताप मोजतो, तुझा नाही." सेन्सरची वायर सुटी केली, काटा खाली पडला. म्हणजे वायर बरी. मग सेन्सर काढून गार पाण्याच्या वाटीत धरला आणि विजेचा रोध मोजणारा मीटर जोडला. गार असताना आकडा हजारांत हवा, उकळत्या पाण्यात दोनशेच्या आसपास. हा पठ्ठ्या गार पाण्यात दोनशे दाखवत होता. नवा बसवला, काटा सुतासारखा सरळ. "पण मी बसल्यावरच का?" असं विचारलं, तर मिस्त्रींनी पाना पुसला आणि चहाचा विषय काढला.

प्रेमात लोक फुलं जपतात, मी जुना सेन्सर घरी आणला. पत्र लिहिताना तो समोर वाटीत आहे, मीटरसकट. सुरुवातीला आकडा चोवीसशे होता. 'भर वर्गात अपमान केला' हे लिहिताना तो दोनशेवर आला. पाण्यात बोट घालून पाहिलं. पाणी गारच आहे.

आपला,
तापट भाचा

ता. क. खरं काम असं, की रविवारी तुम्ही तिच्या घरी येऊन माझ्या बाजूनं बोला. पोरानं स्वाभिमानापोटी कॉलेज सोडलं, एवढंच सांगा. (एकशे नव्वद.)

ता. क. २. अपमान नव्हता. सरांनी वहीतली चूक दाखवली, माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी त्यांच्या गाडीच्या रेडिएटरचं पाणी मी सोडून दिलं. जिन्याच्या खिडकीतून त्यांनी मला गाडीपाशी पाहिलं, पण मी काय केलं ते त्यांना नंतरच उमगलं. वाटेत इंजिन बसलं. सर भर उन्हात चालत घरी गेले आणि सगळ्यांना म्हणाले, "पाणी बघायला मीच विसरलो." मी घाबरून कॉलेज सोडलं. (चोवीसशे.)

ता. क. ३. तुम्ही येऊ नका. तुम्हाला पुढे करायचं मनात आलं की आकडा परत घसरतो. मीच जातो, आत्ताच. आधी पाण्याचं सांगेन, मग तिनं उभं केलं तर बाकीचं. मीटर चालू ठेवलाय, पण त्याच्याकडे बघणार नाही. हे पाकीट वाटेत पेटीत टाकायला खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.