काळ्या पडद्यावरचे चेहरे

३ मार्च

मिळाली एकदाची नोकरी! भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, त्यांच्या ऑफिसात शब्द टाकला आणि मी साफसफाईला लागले. ह्यांनी चिडवलंच, घरात जाळी लोंबतायत आणि बाई निघाल्या जगाचं झाडायला.

काम शिकवायला चकाचक मावशी आहेत. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. केर-फरशी मला येते, पण कॉम्प्युटरचे पडदे पुसणं ही वेगळीच विद्या. आधी मॉनिटर बंद करायचा, काळ्या काचेवरच डाग दिसतात. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ टिपायची. मग दुसरं फडकं जेमतेम ओलं करायचं; पाणी थेट काचेवर मारायचं नाही. वरून खाली, हलक्या हातानं, आणि लगेच कोरडं फडकं. मी गोल गोल फिरवलं तर सगळीकडे ओघळ! मावशी म्हणाल्या, गोगलगाय फिरून गेली का गं इथून?

५ मार्च

खिडकीजवळ एक उंच क्लार्क बसतो. मी झाडू लागले की दोन्ही पाय वर उचलतो आणि म्हणतो, विमान सुटलं. आज त्याच्या पडद्यावर एक पुसट डाग होता. कपाळ, नाक, ओठ. कुणी काचेला तोंड टेकवावं तसा. पुसला की परत उमटायचा. जोर लावला तेव्हा कुठे गेला. मावशी म्हणाल्या, आता बसला तुझा हात.

६ मार्च

उंच क्लार्क आला नाही. त्याच्या टेबलावर प्रिंटर आहे. हिशेबनीस म्हणाले, प्रिंटर पहिल्यापासून तिथेच आहे, तिथे कुणी बसत नाही. भाऊजी रोज त्या क्लार्कबरोबर डबा खायचे, त्यांना विचारलं. ते हसले. म्हणाले, वहिनी, पहिल्याच आठवड्यात भुतं दिसायला लागली?



१० मार्च

भाऊजींच्या पडद्यावर. त्यांचंच किंचित वाकडं नाक.

मी पुसलं नाही. मावशींना सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, डाग तो डाग, नात्यातला म्हणून ठेवायचा का? म्हणजे त्यांना माहीत आहे! मी त्यांच्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं.

घरी भाऊजींच्या हातापाया पडले, उद्या जाऊ नका. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, साहेबांना कारण काय सांगू वहिनी, तोंड पुसलं जाईल म्हणून?

११ मार्च

भाऊजींच्या आधी निघाले, धावत गेले. मावशी माझ्याही आधी पोचल्या होत्या. भाऊजींच्या पडद्यावर कोरडं फडकं फिरवत होत्या. काच लख्ख.

तशीच घरी आले. सासूबाई भाजी निवडत होत्या. भाऊजी निघाले का, विचारलं. त्यांनी मान वर केली. कोण भाऊजी? अगं, मला एकच मुलगा.

भाऊजींच्या खोलीत अडगळ आहे. पलंग नाही, कपडे नाहीत. खुंटीसुद्धा नाही.

१२ मार्च

ह्यांना म्हटलं, पाठचा भाऊ तुमचा, खांद्यावर घेऊन फिरायचात. हे हळूच म्हणाले, डॉक्टरांकडे जाऊ या.

परत ऑफिसात गेले. भाऊजी काचेत कुठे तरी असतील असं वाटलं— त्यांच्या पडद्यावर डाग होता. कपाळावर आडवा व्रण. माझा. मी तर हातभर लांब उभी होते.

मागे मावशी फडकं पिळत होत्या.

वायरी उपटल्या, मॉनिटर पोटाशी धरला आणि पळाले. चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलाय. कुणालाही सांगायचं नाही.

१३ मार्च

अंघोळीला गेले, तेवढ्यात— मॉनिटर टेबलावर. चादर घडी घालून बाजूला. काचेवर एक ओघळ नाही. सासूबाईंनी पुसून ठेवला.

हाक मारली. ओ नाही.

बाहेर हे विचारताहेत, आई, आत कोण बोलतंय? त्या म्हणताहेत, कुणी नाही रे, घरात आपण दोघंच तर—

दार उघडलं. हे. माझ्या आरपार बघताहेत, भिंतीकडे. अहो, इकडे. इकडे बघा ना, मी इथे