एकतिसावा तास

धुळे,
रविवार, १७ ऑगस्ट

प्रिय कशिश,

तुझा मेसेज मंगळवारी आला आणि आज रविवारी मी उत्तर लिहायला बसले आहे, तेही कागदावर. हसू नकोस. फोन केला असता तर तू दोन मिनिटांत विषय बदलला असतास, किंवा मी बदलला असता, आणि दोघी मग पोरांच्या खाण्यापिण्यावर बोलत बसलो असतो. तू विचारलंस, "चेलू, खरं सांग. डॉक्टर झाल्यावर किती तास राबावं लागतं आणि हातात किती पडतं? इक्रा ऐकत नाही. चेलनाखालासारखं व्हायचंय म्हणते. नीटच्या क्लासची फी एकतीस तारखेपर्यंत भरायची आहे." तू शिलाईच्या ऑर्डरचा भाव विचारावा तसं सरळ विचारलंस, ते मला आवडलं. तसंच सरळ उत्तर देते.

गेल्या महिन्यात मी खरंच तास मांडून पाहिले होते. कारण घडलं ते आमच्या एसीवाल्यामुळे. लोटन नावाचा माणूस आहे, देवपूरहून येतो. दवाखान्यातला एसी त्याने पंचवीस मिनिटांत नीट केला आणि सहाशे रुपये घेतले. माझी तपासणी फी चारशे. मी गमतीने म्हटलं, "लोटनभाऊ, मीच तुमच्याकडे शिकायला येते." तो हसला नाही. म्हणाला, "या ना मॅडम. पण चार महिने काम आणि आठ महिने मोबाइलकडे बघत बसायचं, ते जमेल का?" त्या दिवसापासून मी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडमागे तास लिहायला लागले.

तर ऐक. सकाळी साडेसातला हॉस्पिटलचा राउंड, साडेनऊ ते दोन दवाखाना, पाच ते नऊ परत दवाखाना, मग पुन्हा एक राउंड. मध्ये दुपारी जेवायला घरी येते तेव्हा फोन चालूच. आठवड्याचे अठ्ठ्याहत्तर तास भरले. भाडं, कंपाउंडर, लाइटबिल, हप्ते वजा जाता महिन्याला दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास उरतात. म्हणजे तासाला सातशे रुपये. अनुजचं विचारलं. आपला अनुज, ज्याला तू शाळेत डबा धुवायला लावायचीस, त्याचं जळगावला पाइप आणि ठिबकचं दुकान आता चांगलं चालतं. साडेनऊला दुकान उघडतो, दीडला घरी, जेवून झोपतो, चारला परत, साडेआठला शटर. रविवारी बंद. त्याचा तास अकराशेला पडतो. शिवाय तो विसाव्या वर्षी गल्ल्यावर बसला आणि मला नीट पैसा दिसायला तिशी उलटली. मध्यंतरीची दहा वर्षं कुठल्या खात्यात धरायची ते आमच्या यांनाही सांगता येत नाही, आणि ते तर सीए आहेत. यांचं तरी काय, जुलै आणि सप्टेंबरमध्ये घरात पाहुण्यासारखे येतात, बाकी महिने सहाला घरी.

पण हे वाचून डॉक्टर लोक बिचारे असतात असं समजू नकोस. तुझाही हिशेब मी अंदाजाने केला, रागावू नकोस. आठ मशिनी, सहा बाया, शाळांच्या गणवेशांचं काम. मे-जूनला चौदा-चौदा तास, एरवी आठ. तुझा तास सव्वातीनशेच्या पुढे जात नाही. म्हणजे मी तुझ्या दुपटीहून जास्त कमावते. आणि आमच्या हॉस्पिटलात वच्छलाबाई नावाच्या मावशी आहेत, नरडाण्याच्या. बारा तासांची ड्युटी, महिन्याला अकरा हजार. त्यांचा तास पस्तीस रुपयांना पडतो, आणि रोज रेल्वेने जाण्यायेण्याचा वेळ मी त्यात धरलेलाच नाही. परवा मी राउंडला गेले तर मला पाहून म्हणाल्या, "तुना डोया लाल शेतस वं माय. जपनी नही का?" मी नीट झोपले का, एवढंच विचारत होत्या. बारा तास फरशी पुसणारी बाई मला विचारते. मी म्हटलं झोपले, आणि पुढे गेले. तेव्हा पैशांच्या बाजूने विचारशील तर डॉक्टरकी वाईट नाही. पैसा उशिरा मिळतो, पण मिळतो. इक्रा उपाशी राहणार नाही.

मधली वर्षं मात्र तिला माहीत असायला हवीत. तू त्यातून गेली नाहीस म्हणून तुलाही. सीईटीला तुझे अकरा मार्क कमी पडले आणि तुला पुन्हा बसायचं होतं, ते मी विसरलेले नाही. तुझे अब्बा आदल्याच वर्षी गेले होते. रमजानभाई एकटे कमावणारे. तू अम्मींच्या मशिनीवर बसलीस आणि मी बॅग भरून होस्टेलला गेले. पहिल्या वर्षी सुट्टीत आले तेव्हा तू माझी हाडांची जाड पुस्तकं उघडून तासभर वाचत बसली होतीस. मी बघितलं आणि बाहेर अम्मींजवळ जाऊन बसले.

अम्मींबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुढे जायचं नाही. पिंप्राळ्याच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत मी किती जेवले असेन! आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे नूरबी नावाच्या बाईने माझ्या आईपेक्षा जास्त पाळलं. अभ्यासात आपल्याला वेळेचं भान नसायचं. अम्मी दारात जाऊन आभाळ बघायच्या आणि ओरडायच्या, "चेलना, सूरज जा रहा है बेटी, पहले खा ले." कांदा-लसूण न घातलेली मुगाची खिचडी, माझं वेगळं पातेलं. त्या पातेल्याला तू कधी हात लावलास तर तुला बोलणी बसायची. माझ्या आईला, कुसुमलताबाईंना, हे कळलं, त्या दिवाळीला तिने पहिल्यांदा अम्मींसाठी साडी काढली.

तर मधली वर्षं. एमडी करताना मी निवासी डॉक्टर होते, गावापासून पाच तासांवर, एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. विद्यावेतन पंचेचाळीस हजार. लोकांना वाटायचं, केवढे पैसे! तास मांडले तर आठवड्याला शंभर, म्हणजे तासाला शंभर रुपये. तेवढे तर तेव्हा नाक्यावरचा सरबतवालाही कमवत असेल. पण मी पैशांवर रडत नाही. तेव्हाही रडले नाही. आम्हाला त्याचा तोराच होता. कोण किती तास जागा आहे ते एकमेकांना सांगायचो, चोवीस, तीस, छत्तीस. आमच्यातली एक मुलगी पेशंटचं बीपी मोजताना उभ्या उभ्या झोपली आणि कॉटवर पडली, तर आम्ही वर्षभर तिला चिडवत होतो. त्यात काही चूक आहे, असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सीनियर म्हणायचे, आम्हीही असेच शिकलो. मीही नंतर ज्युनियरना तेच म्हटलं.

हे सगळे आकडे मी गेल्या रविवारी अनुजकडे जेवायला गेले तेव्हा काढून बसले होते. माझा तास सातशेचा, तुझा अकराशेचा, असं चिडवणं चालू होतं. अनुज म्हणाला, "ताई, तुझी फी वाढव आणि तास कमी कर, साधी गोष्ट आहे." मग भाजी वाढून घेता घेता म्हणाला, "आणि माझं बरं आहे गं. पाइप चुकीचा गेला तर गिऱ्हाईक परत आणतं, मी बदलून देतो." सहज बोलला बिचारा. वहिनी पोळी घेऊन आली तर मी हात धुऊन उठलेली. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि धुळ्याला निघाले. दोन दिवसांनी तुझा मेसेज आला.

आता जे लिहायचं ते लिहिते. दोन हजार पंधरा, मार्च महिना, बुधवार. आदल्या दिवशी सकाळी आठला माझी ड्युटी सुरू झाली होती. माझ्या जागी ड्युटीवर येणारा मुलगा तापाने पडला, म्हणून बुधवारी दुपारीही मीच होते. वॉर्डमागच्या खोलीत खुर्चीत बसून केसपेपर लिहीत होते. फोन वाजला. तुझं नाव दिसलं. तू म्हणालीस, "चेलू, अम्मीला..." एवढं मला आठवतं. त्यापुढचं काहीच नाही. नंतर आठवतं ते सिस्टरने खांदा हलवला तेव्हापासून. साडेचार वाजले होते, केसपेपरवर पेनाची लांब रेघ गेलेली, आणि फोनवर तुझे अकरा मिस्ड कॉल. मी लावला तेव्हा रमजानभाईंनी उचलला. अम्मी वाटेतच, रिक्षात गेल्या होत्या.

फोनमध्ये नोंद होती. दोन वाजून चाळीस मिनिटं, तुझा कॉल, एक मिनिट पन्नास सेकंद. मी उचलला होता. बोलले होते. एकतिसाव्या तासाला मी तुझ्याशी जवळजवळ दोन मिनिटं बोलले आणि काय बोलले ते मला माहीत नाही.

मी तिसऱ्या दिवशी पिंप्राळ्याला पोचले. शेजारच्या बायका सांगत होत्या, जेवणानंतर पाठ दुखते म्हणत होत्या, घामाने ओढणी भिजली होती, उलटी झाली. साठीची बाई, दहा वर्षांची शुगर, पाठ आणि घाम. पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल, आधी ईसीजी काढा, जळगावात दहा मिनिटांत कुठेही निघतो. मी तिथे उभी राहून ते ऐकत होते. मग रमजानभाई माझ्याजवळ आले. रागाने नाही, नुसतं विचारलं, "चेलना, उस दिन तुम्हारा फोन नहीं लगा क्या?" मी तोंड उघडण्याआधी तू आतून बाहेर आलीस. म्हणालीस, "लगाच नहीं भाई, कितने बार बोलूँ." आणि माझ्याकडे न बघता पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिलास.

दहा वर्षं झाली. तू कधी काही बोलली नाहीस. माझ्या लग्नाला आलीस, माझ्या मुलाला झबली शिवलीस, इक्राला माझं नाव सांगत मोठं केलंस. मी मात्र तेव्हापासून एक गोष्ट पाळली आहे. छातीत, पाठीत, जबड्यात दुखतंय म्हणून कुणाचा फोन आला तर मी फोनवर औषध सांगत नाही. या म्हणते, नाहीतर जवळ जो दवाखाना असेल तिथे आत्ता जा म्हणते. लोक म्हणतात, बाई फीसाठी बोलावते. म्हणू देत. आणि बारा तासांच्या वर माझा ज्युनियर थांबला तर मी त्याला घरी घालवते, त्यावरून व्यवस्थापनाशी दोनदा भांडले आहे. यामुळे काही फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तुला माहीत असावं.

इक्राची फी भर. माझं उत्तर हो आहे. ती हुशार आहे, आणि तिला तास आणि पैसे दोन्ही आधीच सांगितलेले असतील, जे आपल्याला कुणी सांगितले नव्हते. पण ती "चेलनाखालासारखं" म्हणते, ते तू मला लिहिलंस आणि तेव्हापासून हे पत्र माझ्या मनात चालू आहे. तिला माझ्यासारखं व्हायचं असेल तर मी कशी आहे हे आधी मला कळायला हवं, आणि ते तुझ्याजवळ आहे. कशिश, मी फोनवर काय म्हणाले? ॲसिडिटी असेल म्हणाले का? गोळी दे, झोपू दे म्हणाले का? मी बरोबर सांगितलं असतं तर तुला भाईंशी खोटं बोलावं लागलं नसतं, एवढा विचार मी दहा वर्षांत हजार वेळा केला आहे. तरी ते शब्द मला तुझ्या तोंडून हवे आहेत. माफी मागायला मी येत नाही, माफ कर असं म्हणायचा अधिकार मला आहे का तेही मला माहीत नाही. पुढच्या रविवारी दवाखाना बंद ठेवते आहे. सकाळी अकराच्या बसने निघेन, दोनपर्यंत पिंप्राळ्यात असेन. इक्राला आणि बायांना थोडा वेळ बाहेर पाठव. आणि जे मी बोलले ते जसंच्या तसं सांग, माझं मन राखू नकोस.

तुझीच,
चेलू